दहा चाळीसचा नंबर

सांता एदुविहेसच्या दवाखान्याला चार पायऱ्या आहेत, आणि त्या चार पायऱ्यांवर तेवीस वर्षं सेनेइदा किरोसचं राज्य होतं. तिला कोणी नेमलं नव्हतं. पगार नव्हता, बिल्ला नव्हता. तिचं घर दवाखान्याच्या बरोब्बर समोर होतं आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय तिला चैन पडत नसे, एवढ्या भांडवलावर ती राज्य करत होती.

गावाची पद्धत अशी होती: ज्याला उद्या डॉक्टरांना भेटायचं असेल त्याने आदल्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आपल्या घरचा दगड आणून पायरीवर ठेवायचा, घरी जाऊन निवांत झोपायचं आणि पहाटे पाचला येऊन आपल्या दगडामागे उभं राहायचं. प्रत्येक घराचा दगड ठरलेला. मोरा मंडळींचा विटेसारखा चौकोनी. शाळेच्या शिपायाचा चुन्याने रंगवलेला. ओदिली सेगूराचा नदीतला, काळा गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ. सेनेइदा खिडकीतून डोळ्यात तेल घालून पाहायची. कुत्र्याचा धक्का लागून दगड हलला तर ती सपाता घालून बाहेर यायची आणि तो जागेवर ठेवायची. माणसाने मुद्दाम हलवला तर त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करायची.

पण तिचा खरा मान दगड राखण्यात नव्हता. पहाटे पाचला ती कॉफीचं भांडं घेऊन रांगेत फिरायची आणि एकेकाचा चेहरा बघायची. सगळं गाव तिला मानाने दोन्या म्हणायचं.

"तुला काय होतंय रे?"

"गुडघा, दोन्या."

"कधीपासून?"

"नाताळपासून."

"मग अजून तासभर कळ काढ. ह्या पोरीला रात्रभर उलट्या झाल्यात. तिला पुढे येऊ दे."

गुडघा कुरकुरायचा, पण मागे सरायचा. तेवीस वर्षांत ह्या निवाड्यावर कोणी वर दाद मागितली नाही. आणि सेनेइदा स्वतः रक्तदाब दाखवायला रांगेत उभी राहिली की तिच्या पुढे दोन-तीन माणसं तिनेच घुसवलेली असायची. पहिली उभी राहून पहिली आत गेली, असं तिच्या बाबतीत कधी घडलंच नाही.

मग ॲप आलं.

ते येणार म्हणून आधी फाटकावर कापडी फलक लागला. त्यावर एक गोरंगोमटं कुटुंब फोनकडे पाहून हसत होतं. इतकं हसण्यासारखं फोनात काय असावं ते गावाला कळलं नाही. मग नगरपालिकेचा एक माणूस येऊन भाषण करून गेला. घरबसल्या नंबर, रांग नाही, त्रास नाही. जाताना त्याने सगळ्यांना निळ्या टोप्या वाटल्या. टोप्या छान होत्या, कॉफी तोडताना उन्हाला उपयोगी पडल्या. ॲप कोणी घेतलं नाही.

शेवटी ते काम नोइलिनच्या गळ्यात पडलं. नोइलिन म्हणजे घरोघर फिरून लसी टोचणारी, वजनं करणारी आरोग्यसेविका. गावातलीच पोर, मोटारसायकलवर लसींची पेटी बांधून डोंगरभर हिंडते. तिने युक्ती केली. ती दारात यायची, कॉफी मागायची, दोन कप प्यायची, आणि मग म्हणायची, "जरा फोन बघू." घरी येऊन कॉफी प्यायलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? असं करत करत तिने सगळ्या गावाला ॲपमध्ये घातलं.

सेनेइदाच्या घरी पत्त्यावर गाडी अडली.

"पत्ता सांगा, दोन्या."

"हिगेरोनच्या झाडापासून दोनशे मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक."

"ते झाड पडून एकोणीस वर्षं झाली."

"म्हणून काय माझं घर हललं?"

नोइलिनने हात टेकले आणि झाडासकट पत्ता घातला. ॲपने तो घेतलाही. सेनेइदाने पासवर्ड पेन्सिलने कागदावर लिहून कॉफीच्या डब्याच्या झाकणात चिकटवला आणि झाकण बंद केलं. फोन तिला लेकीने, योर्लेनीने, अलाहुएलाहून पाठवला होता. नातवंडांचे आवाज ऐकायचे, आपला आवाज पाठवायचा, एवढ्याच कामाचा तो होता.

असंच घरोघर झालं. ॲप सगळ्यांच्या फोनात होतं आणि सगळ्यांच्या फोनात झोपलेलं होतं. फक्त खालच्या, मोठ्या रस्त्यालगतच्या गावांतले लोक ते वापरायला लागले. वर सांता एदुविहेसमध्ये ज्या दोघा-चौघांनी हिय्या करून नंबर लावला, त्यांनी तो लावला आणि संध्याकाळी दगडही आणून ठेवला. सकाळी नऊ वीसचा नंबर असलेला माणूस पहाटे पाचला दगडामागे हजर. का रे बाबा? तर म्हणे, असू दे, बरं असतं. ओल्मानने तर कळस केला. ओल्मान म्हणजे वरच्या अंगाला राहणारा दुधवाला, सेनेइदाच्याच वयाचा. नंबर फोनात आहे ना, मग दगड कशाला, असा विचार करून त्याने संध्याकाळी फोनच पायरीवर ठेवला आणि घरी गेला. सेनेइदाने सकाळी पाहिलं तेव्हा फोन दवाने निथळत होता आणि एका कुत्र्याने त्यावर आपलं मतही नोंदवलं होतं. त्या दिवसापासून त्या फोनाच्या काचेचा खालचा अर्धा भाग बोटाला ओळख देत नाही.

सेनेइदाचं म्हणणं एकच होतं आणि ते ती नोइलिनला तोंडावर सांगायची. "त्या डबड्याला कोणाचा चेहरा दिसतो का? कोणाच्या पोटात कळ आलीय, कोण नुसता सुट्टी मारायला आलाय, हे त्याला कळतं का? जो आधी टिचकी मारेल तो पुढे. ही काय माणसांची रांग झाली?"

नव्या वर्षात दवाखान्याच्या खिडकीवर नंबर देणं बंद झालं, सगळे नंबर ॲपमध्ये गेले, तरी दगड येतच राहिले. खिडकीवरचा कारकून ग्रेइविन भला माणूस. दिवसाच्या शेवटी एखादा नंबर उरला तर तो पायरीवरच्या पहिल्या दगडाच्या मालकाला त्याच्याच फोनवरून लावून द्यायचा. त्यामुळे दगडांचा जीव अजून पुरता गेला नव्हता.

जूनमधला तो शुक्रवार उजाडला. सेनेइदाच्या भिंतीवर हार्डवेअरच्या दुकानाचं कॅलेंडर आहे, त्यात त्या दिवसाला गोल केलेला होता आणि शेजारी लिहिलं होतं: १०:४०. मागच्या तपासणीनंतर दवाखान्यानेच पुढचा नंबर ॲपमध्ये घालून दिला होता आणि नोइलिनने तो वाचून दाखवला होता. पहाटेची फेरी बंद झाल्यापासून सेनेइदा घरातूनच रांग बघायची; आत्ता ती खिडकीत उभी राहून काळ्या घेवड्याचा भात खात होती. समोर पायरीवर सहा दगड. पहिला काळा, पांढऱ्या रेघेचा. म्हणजे ओदिली.

ओदिली तिची कोमाद्रे. योर्लेनीच्या बाप्तिस्म्याला ओदिलीने पोर हातात धरली होती, तेव्हापासून दोघींचं हे नातं. पस्तीस वर्षांत एक गोष्ट एकीच्या घरात शिजली आणि दुसरीला वास आला नाही, असं झालं नव्हतं. म्हणूनच सेनेइदाला आश्चर्य वाटलं. ओदिलीला काय झालंय? आणि आपल्याला कसं माहीत नाही?

सातला ग्रेइविनने खिडकी उघडली. ओदिली पुढे गेली, काहीतरी बोलली. ग्रेइविनने मान हलवली. ओदिलीने पुन्हा काहीतरी विचारलं. ग्रेइविनने पुन्हा मान हलवली, ह्या वेळी दुःखाने. ओदिली वळली, चार पायऱ्या उतरली आणि घराच्या दिशेने चालू लागली.

दगड पायरीवरच राहिला.

नंबर लागो न लागो, सांता एदुविहेसमध्ये कोणी आपला दगड मागे सोडून जात नाही. सेनेइदाचा चमचा ताटलीतच राहिला.

"ओदिली! अगं ए, दगड विसरलीस!"

ओदिलीने मागे पाहिलं नाही. सेनेइदा सपाता फटफटवत धावली आणि एकेकाळी हिगेरोनचं झाड होतं तिथं तिने तिला गाठलं.

"काय झालंय?"

"काही नाही."

"मला शिकवू नको. काही नाही म्हणणारीचं तोंड असं नसतं."

ओदिलीने इकडेतिकडे पाहिलं. मग सेनेइदाचा हात धरला आणि आपल्या झग्यावरून डाव्या छातीच्या कडेला ठेवला. बोटांखाली कवचातल्या कॉफीच्या दोन-तीन बियांएवढी गाठ लागली.

"कधीपासून?"

"तोडणी संपली तेव्हापासून."

"म्हणजे चार महिने! चार महिने तू माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायलीस आणि मला आज कळतंय?"

"तुला सांगितलं असतं की खरं झालं असतं," ओदिली म्हणाली. "आईलाही इथंच होती."

सेनेइदाला एकदम राग आला, इतका की ओदिलीला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, आणि त्याच क्षणी तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. विचारलं, "ग्रेइविन काय म्हणाला?"

ग्रेइविन जे म्हणाला ते असं. उद्या, शनिवारी, तालुक्याच्या रुग्णालयात छातीच्या गाठी तपासायचं फिरतं यंत्र येणार होतं. नोइलिन महिनाभर सगळ्या बायकांना तेच सांगत होती. पण त्यासाठी गावच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि नावं आज दुपारी बारापर्यंतच जाणार. नंतर यंत्र येणार नोव्हेंबरात. आजचा डॉक्टर बदलीवर आलेला, बाराला निघणार. नंबर असल्याशिवाय त्याच्या संगणकात रोग्याची फाइल उघडत नाही. आणि आजचे सगळे नंबर काल सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी संपले होते. नोइलिनने मध्यस्थी केली असती, पण ती डोंगरापलीकडच्या वस्तीवर लसी टोचायला गेलेली. तिथं फोनच लागत नाही.

"एवढंच ना?" सेनेइदा म्हणाली. "माझा आहे की नंबर. दहा चाळीसचा. तू जा. माझा रक्तदाब काय, चढतो आणि उतरतो. चल."

तेवीस वर्षं ती हेच करत आली होती. पण खिडकीवर ग्रेइविनने कपाळाला हात लावला.

"दोन्या, असं नाही होत. नंबर तुमच्या नावाचा आहे. मला तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, डॉक्टरला येत नाही, कोणालाच येत नाही."

"मग मी सोडते."

"सोडता येतो. तुमच्या फोनवरून रद्द करा, तो मोकळा होतो. पण मग ज्याचं बोट आधी पडेल त्याचा. चार गावं आहेत ह्या दवाखान्याला. खालच्या गावांतली माणसं सकाळपासून फोनला डोळे लावून बसतात, कोणी सोडतोय का बघत. बशीतला शेवटचा पाव कसा उचलतात, तसा उचलतात."

ओदिली हळूच म्हणाली, "राहू दे गं. नोव्हेंबरात बघू."

"नोव्हेंबर गेला खड्ड्यात." सेनेइदा ग्रेइविनकडे वळली. "म्हणजे चार गावं एकाच नंबरमागे उभी आहेत, असंच ना?"

"हो."

"मग ही रांगच आहे की. फक्त चेहरे दिसत नाहीत." आणि तिने फोन काढला.

नोइलिनने चार गावांचा मिळून एक ग्रुप केला होता, लसीच्या तारखा कळवायला. त्यावर लोक संतांच्या तसबिरी आणि हरवलेल्या गाईंचे फोटो टाकायचे. सेनेइदाने बटण दाबून धरलं आणि रांगेत बोलायची तशा आवाजात सुरू केलं.

"ऐका. मी सेनेइदा, दवाखान्यासमोरची. आजचा दहा चाळीसचा नंबर मी सोडतेय. तो एका बाईसाठी आहे. कोण, ते विचारू नका. तिला माझ्यापेक्षा गरज आहे आणि तुमच्यापेक्षाही. ज्याचं दुखणं मोठं तो पुढे, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. नऊ वाजेपर्यंत कोणी त्या ॲपला हात लावायचा नाही. लावला, तर त्याचा दगड ह्या पायरीवर मी पुन्हा ठेवू देणार नाही."

"दोन्या, आता दगड चालतच नाहीत," ग्रेइविन म्हणाला.

"तू गप्प बस."

घरात रेंज कधी असे, कधी नसे; पायरीवर दोन काड्या हमखास दिसत. म्हणून दोघी तिथंच बसल्या, ओदिलीच्या दगडाच्या दोन बाजूंना. सेनेइदाने कॉफीच्या डब्याचं झाकण आणलं. ओदिलीचा पासवर्ड पाकिटातल्या ला नेग्रिताच्या तसबिरीमागे लिहिलेला होता, देवीच्या पाठीशी सुरक्षित. रांगेतले पाच जण आपापले दगड सोडून भोवती जमले. गुडघेवाला तर गुडघ्यावरच बसला.

"आधी तालीम," सेनेइदा म्हणाली. "मी तीन म्हटलं की मी दाबणार. तू लगेच."

"माझं बोट घेतच नाही हा फोन," ओदिली म्हणाली. चाळीस वर्षं कॉफी तोडून तिच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली.

"अंगठ्याने दाब. अंगठा पुसून घे. हं. एक. दोन. तीन!"

सेनेइदाने दाबलं. ॲपने विचारलं, नक्की रद्द करायचं? "हो म्हणते ना, मेल्या!" तिने पुन्हा दाबलं. ओदिलीच्या फोनवर एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, आणि अक्षरं उमटली. ग्रेइविनने ती खिडकीतून वाकून वाचली.

आज एकही जागा शिल्लक नाही.

सेनेइदाच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला नंबर होता तो गेला. दिला नाही, फेकला. रांगेत कधी असं झालं नव्हतं. रांगेत माणूस मागे सरला तर त्याच्या जागी कोण आलं ते तरी दिसायचं. ओदिलीने तसबीर पाकिटात परत ठेवली आणि, कमाल बघा, तीच सेनेइदाच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

तेवढ्यात सेनेइदाचा फोन वाजला.

"सेनेइदा! मी ओल्मान! काळजी करू नको, घेतला!"

"काय घेतलास?"

"दहा चाळीसचा! तुझा निरोप ऐकला. म्हटलं, आपले लोक ऐकतील, पण खालच्यांचा काय भरवसा, कोणीतरी मटकावेल. म्हणून मी पुढे होऊन धरून ठेवलाय. तू सांगशील तेव्हा सोडतो."

म्हणजे शेजाऱ्याला उशीर होणार असला की त्याच्या जागेवर आपला दगड ठेवतात ना, तसा ओल्मानने फोनात आपला दगड ठेवला होता. सेनेइदाला तो समोर असता तर आधी मारावा आणि मग त्याचा मुका घ्यावा असं वाटलं.

"गाढवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "अरे गाढवा, जीव गेला होता माझा! आता फोन ठेवू नको. तसाच बोलत राहा आणि मी सांगते ते कर. रद्द करायचं बटण दिसतंय?"

"दिसतंय."

"मी तीन म्हटलं की दाब."

"दाबता येत नाही."

"का?"

"ते खाली आहे. माझा खालचा भाग मेलाय. त्या कुत्र्यापासून."

पायरीवर कोणीतरी हसलं आणि सेनेइदाच्या नजरेने लगेच गप्प झालं. ग्रेइविन खिडकी सोडून बाहेर आला, फोनावर वाकला. "फोन उलटा धरा. डोकं खाली, पाय वर. फिरलं का चित्र?"

"फिरलं! अरे वा, आता बटण चांगल्या भागात आलं. पण सगळं उलट्या हाताने..."

"थांब! दाबू नको!" सगळे एकदम ओरडले.

ओदिलीने अंगठा एप्रनला पुसला. ग्रेइविन हळूच म्हणाला, "दोन्या ओदिली, मी दाबू का तुमच्यासाठी?"

"नको," ओदिली म्हणाली. "मी दाबते."

सेनेइदाने मोजलं. तीन म्हणताना तिने डोळे मिटले, त्यामुळे पुढचं तिने पाहिलंच नाही. तिला आधी ओल्मानचा आवाज ऐकू आला, "सोडला!" मग काहीच नाही. मग गुडघेवाल्याने पायरीवर थाप मारली आणि ओदिली शाळेतल्या पोरीसारखी एकेक अक्षर लावत वाचू लागली. "ओदिली सेगूरा. शुक्रवार. दहा चाळीस."

सेनेइदाचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच बसून रडली, आणि मधूनमधून ओल्मानला शिव्या दिल्या, कारण तो अजून फोनवर होता आणि "झालं का? झालं का?" विचारत होता.

दहा चाळीसला ओदिली आत गेली. बदलीच्या डॉक्टरने फाइल उघडली, गाठ पाहिली, चिठ्ठी लिहिली आणि अकरा वाजता ओदिलीचं नाव तालुक्याला गेलं. शनिवारी दोघी पहिल्या बसने गेल्या. यंत्रावरच्या बाईने पडद्यावर काळा गोळा दाखवला, सुईने त्यातून पाणी काढलं आणि म्हणाली, मला तर वाईट वाटत नाही, पण प्रयोगशाळेचं येऊ द्या. तीन आठवडे लागतील.

ते तीन आठवडे ओदिलीचा दगड सेनेइदाच्या खिडकीत होता. ओदिलीने तो मागितला नाही आणि सेनेइदाने दिला नाही.

त्या तीन आठवड्यांत गावात मात्र काहीतरी झालं. सोमवारी ग्रुपवर मोरांच्या सुनेने त्यांच्या चौकोनी दगडाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, सासऱ्यांना दम लागतोय. पाच मिनिटांत शाळेच्या शिपायाने आपला नंबर सोडतो म्हणून सांगितलं. एक, दोन, तीन, त्याने ग्रुपवरच लिहिलं. बुधवारी खालच्या गावातल्या एका अनोळखी बाईने एका गरोदर पोरीसाठी सोडला. मग रोजच कोणाच्या ना कोणाच्या दगडाचा फोटो यायला लागला. पण नंबर सोडायचा तर आधी लावलेला हवा, नाही का? म्हणून माणसं लावायला लागली. ज्यांनी टोप्या घालून हंगामभर कॉफी तोडली, त्यांनी आता सकाळी सहाला फोन उघडायला सुरुवात केली. गाईंचे फोटो मागे पडले. ओल्मानने नवी काच बसवून घेतली.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी नोइलिन सेनेइदाच्या स्वयंपाकघरात बसली होती. दोन कप कॉफी झाली होती आणि तिच्या मांडीवर राजधानीहून आलेला फॉर्म उघडा होता. आमच्या डोंगरावर एकाएकी ॲपचा वापर एवढा का वाढला, हे तिकडच्या मोठ्या लोकांना समजून घ्यायचं होतं.

"दोन्या, तुम्ही ॲप का वापरता? एकावर खूण करायची. वापरायला सोपं आहे."

"कसलं सोपं. चारदा विचारतं."

"वेळ वाचतो?"

"मला वेळ वाचवून कुठं जायचंय?"

"माहिती सुरक्षित राहते? घरच्यांनी सांगितलं? की इतर?"

"इतर लिही. दुसऱ्याला देता येतो म्हणून."

"अहो, पण तसा देता येतच नाही. नियमात कुठेच नाही ते."

"लिही गं तू."

तेवढ्यात हिरवं फाटक वाजलं. ओदिली आत आली. हातात तालुक्याच्या रुग्णालयाचा लिफाफा, उघडलेला. ती दारातच उभी राहिली. सेनेइदाने टेबलाची कड घट्ट धरली.

"पाणी होतं," ओदिली म्हणाली. "नुसतं पाणी. दुसरं काही नाही. आता यायची गरज नाही म्हणाले, वर्षाने एकदा दाखवा."

सेनेइदाला काय वाटलं ते सांगायला वेगळे शब्द शोधायची गरज नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. चार महिने न सांगितलेलं आणि तीन आठवडे सांगितलेलं असं सगळं ओझं एकदम उतरलं. तिने ओदिलीला पोटाशी धरलं, मग त्या दिवशी राहिलेल्या दोन थोबाडीतही हळूच मारल्या, एकेक गालावर एकेक. नोइलिनने फॉर्म बाजूला ठेवला आणि स्वतःचे डोळे पुसले.

कॉफी झाली. बरंच हसून झालं. मग ओदिली खिडकीकडे गेली आणि तिने आपला काळा दगड उचलला. सेनेइदाला वाटलं, आता पिशवीत घालेल. ओदिलीने तो टेबलावर ठेवला, पांढरी रेघ वर करून, आणि फोन काढला.

"फोटो कसा काढतात ते दाखव गं मला."

"कशाला?"

"उद्या नऊला माझा नंबर आहे डॉक्टरकडे. हे कागद दाखवायला लावून ठेवला होता. आता काय करायचाय मला?"

सेनेइदाने दाखवलं. फोटो जरा वाकडा आला, पण रेघ दिसत होती. ओदिलीने ग्रुपवर टाकला आणि बटण दाबून धरून म्हणाली, "मी ओदिली. दहा चाळीसची बाई मीच. मला काही झालेलं नाही. उद्याचा नऊचा सोडतेय. कोणाला हवाय?"

थोडा वेळ नुसते अंगठे आणि मेणबत्त्या येत राहिल्या. ओल्मानने आपल्या आवाजात काहीतरी पाठवलं, त्यात शब्द नव्हते, नुसतं नाक ओढणं होतं. मग खालच्या गावातून एका तरुण बाईचा आवाज आला. बाळाचा कान चार दिवस दुखतोय, झोपत नाही, नंबर मिळत नाही.

"फोन उघडून बस, पोरी," ओदिलीने सांगितलं. तिने अंगठा एप्रनला पुसला, सेनेइदाकडे पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली.